कमाल मागणीचा आकडा कसा ठरतो आणि तो मोजण्याच्या नियमावर हरकत कशी नोंदवावी

वीज नियामक आयोगापुढे दरप्रस्ताव आला की बहुतेक ग्राहक थेट दराच्या तक्त्याकडे वळतात. प्रतियुनिट किती वाढ आहे आणि मागणी आकार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावर लागणारी रक्कम) किती वाढला आहे एवढे पाहून हरकत लिहिली जाते. पहिल्या खेपेस मीही तेच केले होते. मागणी आकाराची रक्कम मात्र दोन संख्यांच्या गुणाकारातून येते. एक प्रतिकिलोवॉट दर आणि दुसरी तुमच्या नावे नोंदवलेली मागणी. पहिल्या संख्येवर तासन्‌तास वाद होतो, दुसरी 'मीटरने दाखवली' म्हणून निमूटपणे मान्य केली जाते.

प्रत्यक्षात मीटर ऊर्जा मोजतो. नियमाने ठरवून दिलेल्या कालखंडातील ऊर्जेवरून तो सरासरी काढतो आणि महिनाभरातील सर्वांत मोठी सरासरी 'कमाल मागणी' म्हणून जपून ठेवतो. कालखंड किती मिनिटांचा, तो कोठून सुरू होतो, कोणत्या तासांत मोजायचा, मागील उच्चांक पुढे किती महिने ओढायचा, हे सारे माणसांनी लिहिलेल्या नियमांत ठरते आणि म्हणूनच ते आयोगाच्या कक्षेत येते. ज्यांच्या बिलात मागणी आकार वेगळा दाखवलेला असतो अशा लघुउद्योगांना, संस्थांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना हे नियम तपासता यावेत, यासाठी पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

आधी हाताशी काय हवे

- मागील किमान १२ महिन्यांची बिले. मागील उच्चांकाचा नियम तपासायचा असेल तर २४ महिन्यांची.
- वीजपुरवठ्याचा करार आणि त्यातील करार मागणी.
- लागू असलेला दर आदेश, त्यातील व्याख्यांसह. केवळ दरांचा तक्ता पुरत नाही.
- पुरवठा संहिता आणि मीटरविषयक नियम.
- मीटरचा चाचणी अहवाल, ज्यात करंट ट्रान्सफॉर्मरचे (मीटरसाठी प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून देणाऱ्या उपकरणाचे) गुणोत्तर आणि गुणक (मीटरवरचा आकडा ज्या संख्येने गुणायचा ती) लिहिलेला असतो.
- मीटरमधील 'लोड सर्व्हे', म्हणजे प्रत्येक कालखंडाच्या वापराची नोंद. तो वीज कंपनीकडे लेखी मागावा आणि कागदावर छापून न घेता संगणकीय तक्त्याच्या स्वरूपातच घ्यावा.

१. व्याख्येचे पान शोधा

'कमाल मागणी', 'करार मागणी' आणि 'बिलिंग डिमांड' हे तीन शब्द नवख्या वाचकाला सारखेच वाटतात. कमाल मागणी मीटरवर नोंदवलेली असते. करार मागणी ही तुम्ही मागितलेली आणि कंपनीने मान्य केलेली मर्यादा असते. बिलिंग डिमांड मात्र या दोन्हींवरून सूत्राने काढली जाते आणि पैसे तिच्यावरच लागतात. बहुधा सूत्र असे असते की नोंदवलेली मागणी, करार मागणीचा ठरावीक टक्का आणि मागील काही महिन्यांच्या उच्चांकाचा ठरावीक टक्का, यांपैकी जे सर्वांत जास्त असेल ते धरावे. त्यामुळे मीटरवरचा आकडा कमी करूनही बिल तसेच राहू शकते. कोणता घटक तुमच्या बिलात निर्णायक ठरतो आहे हे प्रत्येक महिन्यापुढे पेन्सिलीने लिहून काढा. अनेकांची हरकत याच टप्प्यावर दिशा बदलते.

२. कालखंड किती आणि तो कोठून सुरू होतो

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी पायरी हीच आहे. एक साधे उदाहरण घेऊ. एका कारखान्याचा कायमचा भार ४० किलोवॉट आहे. सकाळी १० वाजून ८ मिनिटांनी १०० किलोवॉटची भट्टी सुरू होते आणि १० वाजून २३ मिनिटांनी बंद होते. भट्टी बरोबर १५ मिनिटे चालली. या दिवसाची कमाल मागणी किती?

घड्याळाच्या ठोक्याला बांधलेले १५ मिनिटांचे स्थिर कालखंड असतील, तर १० ते १०.१५ या कालखंडात भट्टी ७ मिनिटे आणि पुढील कालखंडात ८ मिनिटे येते. मोठी सरासरी सुमारे ९३ किलोवॉट. तोच कालखंड ३० मिनिटांचा असेल तर ९० आणि ६० मिनिटांचा असेल तर ६५. आता मीटर सरकत्या कालखंडाने मोजत असेल, म्हणजे दर ५ मिनिटांनी मागील १५ मिनिटांची नवी सरासरी काढत असेल, तर १०.१० ते १०.२५ या अवधीत भट्टीची १३ मिनिटे येतात आणि मागणी सुमारे १२७ किलोवॉटवर जाते. भट्टी तीच आणि वापरलेली वीजही तेवढीच असताना आकडा ६५ पासून १२७ पर्यंत कोठेही असू शकतो.

स्थिर कालखंडात नशिबाचाही भाग असतो. हीच भट्टी १० च्या ठोक्याला सुरू केली असती तर १५ मिनिटांच्या स्थिर कालखंडातही मागणी पूर्ण १४० किलोवॉट नोंदली गेली असती. सरकता कालखंड ही लॉटरी बरीच कमी करतो, त्यामुळे तो मुळातच अन्यायकारक आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न आहे तो दर कोणत्या पद्धतीच्या आकड्यांवरून काढले गेले याचा. वीज कंपनी आपला वसूल करावयाचा खर्च सर्व ग्राहकांच्या एकूण बिलिंग डिमांडने भागून प्रतिकिलोवॉट दर काढते. मोजणी ३० मिनिटांवरून १५ मिनिटांवर आणली की प्रत्येकाची मागणी पूर्वीइतकी किंवा तिच्यापेक्षा जास्त भरते, कमी भरू शकत नाही. भाजक मोठा झाला तर दर उतरायला हवा. तो तसाच ठेवला असेल, तर ती दरवाढच आहे, केवळ तक्त्यात दिसत नाही. म्हणून मोजणीच्या पद्धतीत बदल सुचवलेला दिसला की पहिला प्रश्न हा विचारावा: नव्या पद्धतीने एकूण बिलिंग डिमांड किती होते, आणि त्या आकड्याने दर पुन्हा काढला आहे का?

मीटर बदलताना हाच प्रकार नकळत घडतो. जुन्या उष्णतामापी मागणी मीटरचा काटा भार वाढल्यावर हळूहळू चढत असे. त्याचा १५ मिनिटांचा अवधी म्हणजे भारातील बदलाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास काट्याला लागणारा वेळ. इलेक्ट्रॉनिक मीटर सरळ गणिती सरासरी काढतो. दोघांवर '१५ मिनिटे' असेच लिहिलेले असले, तरी चढउताराच्या भारावर दोघांचे आकडे जुळतीलच असे नाही.

कालखंड किती असावा याचे एकच बरोबर उत्तर नाही. रोहित्र आणि भूमिगत केबल यांचे तापमान काही मिनिटांत उसळत नाही. मोठ्या रोहित्राच्या तेलाला तापायला तासांचा वेळ लागतो, त्यामुळे तारा आणि रोहित्रांच्या क्षमतेचा खर्च वसूल करायचा असेल तर ३० किंवा ६० मिनिटांची सरासरी अधिक समर्थनीय ठरते. अगदी अल्पकाळच्या झटक्यांमुळे व्होल्टेज खाली जाणे हा वेगळा त्रास आहे आणि त्यासाठी तांत्रिक अटी वेगळ्या असतात. येथे एक गैरसमजही दूर करतो. मोटर सुरू होतानाच्या झटक्यामुळे आपली मागणी वाढली असे अनेक जण सांगतात. ६० केव्हीएची (केव्हीए म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणाकाराचे एकक) मोटर सुरू होताना ८ सेकंद सहापट ओढत असेल, तरी १५ मिनिटांच्या सरासरीत त्याची भर ३ केव्हीएहूनही कमी पडते. हा मुद्दा हरकतीत लिहू नका. कंपनीचा अभियंता तो एका वाक्यात खोडून काढेल आणि तुमच्या उरलेल्या मुद्द्यांचे वजन कमी होईल.

३. एकक, गुणक आणि पूर्णांक

मागणी किलोवॉटमध्ये मोजली जाते की केव्हीएमध्ये, ते पाहा. ९० किलोवॉटचा भार ०.९ पॉवर फॅक्टरला (किलोवॉट आणि केव्हीए यांच्या गुणोत्तराला) १०० केव्हीए होतो. म्हणजे केव्हीएवर आकारणी करताना खराब पॉवर फॅक्टरची किंमत आपोआप वसूल होते. त्यावर पुन्हा स्वतंत्र पॉवर फॅक्टर दंड लावलेला असेल, तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेतले जात आहेत का, हा प्रश्न रास्त आहे. कपॅसिटर बसवलेल्यांनी आणखी एक पाहावे: केव्हीए काढताना केवळ लॅगिंग बाजू (प्रवाह व्होल्टेजच्या मागे राहतो ती) धरली जाते की लीडिंगही (प्रवाह पुढे जातो ती), हे नियमात लिहिलेले असते किंवा असायला हवे.

करंट ट्रान्सफॉर्मर २००/५ चा असेल तर गुणक ४० येतो. मीटरवर मागणी एकाच दशांश स्थळापर्यंत दिसत असेल, तर प्रत्येक पायरी ०.१ गुणिले ४०, म्हणजे ४ किलोवॉटची होते. गुणण्यापूर्वी आकडा वरच्या पूर्णांकात नेला तर फरक आणखी वाढतो. पूर्णांक करायचाच असेल तर तो शेवटी, गुणाकार झाल्यावर करावा, अशी मागणी करण्यास हरकत नाही. ही बाब क्षुल्लक दिसते, पण आयोगाला ती मान्य करणे सोपे जाते, आणि एखादी सोपी मागणी अर्जात असलेली बरी.

४. कोणत्या वेळेची मागणी

जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ मध्ये मांडले की वीज पुरवण्याचा खर्च दोन प्रकारचा असतो: प्रत्यक्ष ऊर्जा तयार करण्याचा, आणि ग्राहक कधीही मागेल म्हणून सज्ज राहण्याचा. मागणी आकाराचे मूळ या विचारात आहे. इंग्लंडमधील ब्रायटन येथील अभियंता आर्थर राइट यांनी सज्जतेचा भाग मोजण्यासाठी कमाल मागणी दर्शवणारे उपकरण तयार केले. प्रवाहामुळे काचेच्या फुग्यातील हवा तापे आणि तिच्या दाबाने द्रव शेजारच्या नळीत सांडे. किती सांडला त्यावरून महिन्यातील उच्चांक कळे. शिकागोतील वीज कंपनीचे प्रमुख सॅम्युएल इन्सल यांनी १८९४ मध्ये ब्रायटनला ही पद्धत पाहिली आणि पुढे अमेरिकेत तिचा प्रसार केला.

त्या नळीला उच्चांक कळत होता, पण तो किती वाजता आला हे कळत नव्हते. आजच्या मीटरला सेकंदापर्यंतची वेळ कळते, तरी अनेक ठिकाणी आकारणीचा नियम नळीच्या काळातलाच राहिला आहे.

याचा परिणाम असा होतो. समजा, एका ग्राहकाचा १०० किलोवॉटचा उच्चांक पहाटे ३ वाजता येतो आणि दुसऱ्याचा तेवढाच उच्चांक संध्याकाळी ८ वाजता, जेव्हा संपूर्ण यंत्रणेवर सर्वाधिक ताण असतो. दोघांना मागणी आकार सारखाच लागतो. वीजनिर्मितीची आणि पारेषणाची क्षमता मात्र संध्याकाळच्या एकत्रित उच्चांकासाठी उभारावी लागते आणि पहाटेच्या ग्राहकाचा त्यात फारसा वाटा नसतो. उलट, ग्राहकाच्या दाराशी असलेले रोहित्र आणि सेवावाहिनी त्याच्या स्वतःच्या उच्चांकासाठीच बसवलेली असतात, तो कधीही येवो. म्हणून खर्चाचे दोन भाग करणे न्याय्य ठरते: जवळच्या साधनांचा खर्च ग्राहकाच्या स्वतःच्या कमाल मागणीवर, आणि दूरच्या, सर्वांच्या सामाईक साधनांचा खर्च यंत्रणेच्या उच्चांकाच्या वेळी असलेल्या मागणीवर. हरकतीत हा भेद मांडताना आयोगाकडे खर्चविभाजनाचा अभ्यास मागा आणि मागणी आकारातील किती भाग कोणत्या साधनांचा आहे हे विचारा.

विद्युत वाहनांच्या जलद चार्जिंग केंद्रांमुळे हा वाद आता नव्या लोकांच्या दारात आला आहे. १५० किलोवॉटचे केंद्र महिन्याला ३,००० युनिट विकत असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा भारांक (सरासरी भार कमाल मागणीच्या किती टक्के आहे तो आकडा) ३ टक्क्यांहूनही कमी भरतो. मागणी आकार मोजक्याच युनिटांवर वाटला जातो आणि प्रतियुनिट खर्च कोठच्या कोठे जातो. अशा केंद्रांना सवलत द्यावी की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंना म्हणणे आहे. त्यांची मागणी कोणत्या तासांत मोजावी हा मोजणीचा प्रश्न आहे. दोन्ही एका परिच्छेदात मिसळू नका.

५. मागील उच्चांकाचे ओझे

याला व्यवहारात 'रॅचेट' म्हणतात. समजा, नियम सांगतो की मागील ११ महिन्यांतील उच्चांकाच्या ८० टक्के ही किमान बिलिंग डिमांड धरावी. तुमची नेहमीची मागणी ९० किलोवॉट आहे आणि एका दिवशी नवे यंत्र तपासताना ती २०० वर गेली. त्या महिन्यात ११० किलोवॉटचा जादा आकार लागेलच, शिवाय पुढील ११ महिने किमान १६० किलोवॉट धरले जातील. म्हणजे दरमहा ७० प्रमाणे आणखी ७७० किलोवॉटचा आकार. एका कालखंडाच्या चुकीची किंमत ८८० किलोवॉट-महिने होते.

कंपनीची बाजू अशी की ग्राहकासाठी राखून ठेवलेली क्षमता वर्षभर राखावी लागते. हे हंगामी ग्राहकाबाबत खरे आहे. प्रत्येकाबाबत मात्र ते तितकेच खरे नाही, कारण करार मागणीच्या टक्केवारीने तोच खर्च आधीच घेतला जात असतो. दोन्ही अटी एकत्र असतील तर त्यांचे समर्थन वेगवेगळे मागावे, आणि उच्चांक यंत्रणेवरील भार कमी असलेल्या तासांतला असेल तर तो रॅचेटमधून वगळावा असे सुचवावे.

६. अपवाद लेखी आहेत का

दीर्घ खंडानंतर वीज आली की सर्व यंत्रे एकदम सुरू होतात आणि मागणी उसळते. खंड ग्राहकाने घडवलेला नसतो. अशा पुनःप्रारंभाचा पहिला ठरावीक वेळ मोजणीतून वगळण्याची तरतूद आहे का, ते पाहा. तसेच मीटरचे घड्याळ पुढेमागे झाले असेल तर काय, नोंद गहाळ झाली तर मागणीचा अंदाज कोणत्या आधाराने, आणि मासिक रीडिंगनंतर 'एमडी रिसेट' (मीटरवरील कमाल मागणी नव्या महिन्यासाठी शून्यावर आणणे) उशिरा झाला तर एकच उच्चांक दोन बिलांत येतो का, हेही तपासावे.

७. आकडा स्वतः काढून पाहा

लोड सर्व्हेमध्ये प्रत्येक कालखंडाची ऊर्जा युनिटमध्ये दिलेली असेल तर १५ मिनिटांच्या नोंदीला ४ ने आणि ३० मिनिटांच्या नोंदीला २ ने गुणले की त्या कालखंडाची सरासरी किलोवॉटमध्ये मिळते. माझ्या पहिल्या अर्जात मी हा गुणाकार विसरलो होतो. कंपनीने मागणी चौपट दाखवली असा आरोप मी लेखी केला आणि तो मागे घेण्यासाठी पुन्हा लेखी अर्ज द्यावा लागला.

नंतर तीन पडताळण्या करा. सर्व कालखंडांची बेरीज, गुणक लावून, बिलातील युनिटशी जुळली पाहिजे. जुळत नसेल आणि फरक बरोबर गुणकाइतकाच असेल, तर तक्त्यातील आकडे आधीच गुणलेले आहेत. दुसरी पडताळणी सर्वांत मोठ्या सरासरीची. ती बिलातील कमाल मागणीशी जुळावी. येथे एक सापळा आहे: मागणी १५ मिनिटांवर मोजली जाते आणि लोड सर्व्हे ३० मिनिटांचा साठवला जातो, असे असेल तर बिलातील मागणी तुमच्या आकड्याच्या दुपटीपर्यंतही योग्य असू शकते आणि तुम्हाला ती तपासताच येत नाही. ही स्थिती आढळली तर तोच हरकतीचा मुद्दा करा. ज्या नोंदीवरून बिल तयार होते, तेवढीच सूक्ष्म नोंद ग्राहकाला मिळाली पाहिजे. तिसरी पडताळणी भारांकाची. ३० दिवसांच्या महिन्यात ३२,४०० युनिट वापरले असतील तर ७२० तासांची सरासरी ४५ किलोवॉट येते, आणि कमाल मागणी ९० असेल तर भारांक ५० टक्के. भारांक १०० टक्क्यांच्या वर आला तर कोठेतरी नक्कीच चूक आहे, कारण सरासरी उच्चांकापेक्षा मोठी असू शकत नाही.

८. हरकत लिहिताना

आयोगाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतींसाठी मुदत ठरलेली असते. प्रतिज्ञापत्र, प्रतींची संख्या आणि कंपनीला एक प्रत देणे यांचे नियम त्याच सूचनेत असतात. ते न पाळल्याने चांगला अर्जही बाजूला पडतो.

मजकुरात 'मागणी आकार अन्यायकारक आहे' असे वाक्य लिहून थांबू नका. नियमाचा क्रमांक द्या, आजचा शब्दप्रयोग उद्धृत करा आणि त्याजागी कोणता मजकूर हवा तो पूर्ण वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: 'कमाल मागणी म्हणजे देयक कालावधीत घड्याळी तासापासून सुरू होणाऱ्या सलग ३० मिनिटांच्या कोणत्याही कालखंडातील सर्वाधिक सरासरी मागणी होय. मोजणीचा कालखंड, त्याची पद्धत, गुणक आणि उच्चांकाची तारीख व वेळ प्रत्येक देयकावर छापण्यात यावी.' तयार वाक्य समोर असले की त्यावर होय किंवा नाही म्हणावे लागते. आपल्या १२ महिन्यांचा तक्ता जोडा, आणि सुचवलेल्या नियमाने बिल वाढणारे ग्राहकही असतील हे स्वतःहून नमूद करा. सपाट भार असलेल्यांवर बोजा सरकू शकतो. ते लपवले तर कंपनी ते सुनावणीत दाखवून देते.

९. सुनावणीत आणि त्यानंतर

बोलायला मिनिटे थोडी मिळतात. भट्टीच्या उदाहरणासारखे एकच उदाहरण आपल्या आकड्यांनी सांगा आणि दोनच प्रश्न विचारा. कंपनी उत्तर नंतर लेखी देऊ असे म्हणाली तर ते कोणत्या तारखेपर्यंत, हे नोंदवून घ्या.

आदेश आल्यावर व्याख्या बदलली असेल तर पहिल्या दोन बिलांची पडताळणी सातव्या पायरीप्रमाणे करा, कारण आदेशातील शब्द बदलतो पण मीटरमधील मांडणी जुनीच राहते, असे घडू शकते. मीटरची स्मृती मर्यादित असते आणि ठरावीक दिवसांनंतर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात. त्यामुळे आदेश लागू होण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्याचा लोड सर्व्हे त्याच महिन्यात मागून घ्यावा, तुलना करण्यासाठी तो पुन्हा मिळणार नाही.